धुऊन आलेला डबा

कळमनुरी
१४ सप्टेंबर २०२५

रत्नपालदादा, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, हिच्या फोनला काय झालं. फोन ठणठणीत आहे. पण जुलैत आपलं फोनवर जे झालं, त्यानंतर मी ठरवलं की तुझ्याशी बोलायचं ते कागदावरच. तुझा आवाज कानावर पडला की माझा आपोआप चढतो, आणि आपण काय बोलून बसलो ते मला नंतर भांडी घासताना आठवतं. कागदावर निदान खोडता येतं. उत्तर द्यायचं तर दे, नाहीतर नको देऊ. पुण्याच्या माणसाला वेळ नसतो हे मला माहीत आहे.

तू विसरला असशील म्हणून सांगते. ऐश्वर्याचा नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागला हे मी तुला मोठ्या हौसेनं कळवलं होतं. माझं शिवणाचं सगळं दुकान ऐकत होतं. अभिनंदन राहिलं बाजूला, तू म्हणालास, "हॉस्टेलला ठेवू नको तिला. दिवाळीच्या आत पेटी घेऊन परत येईल, तुझ्यासारखी."

तेवीस वर्षं झाली दादा. मी औरंगाबादला तुझ्या खोलीवर राहून बी.एस्सी. शिकत होते आणि पहिलं वर्ष अर्ध्यात टाकून घरी निघून आले. त्यानंतर माझं लग्न झालं, आईबाबा गेले, माझी पोरगी अठरा वर्षांची झाली, पण तुझ्या डोक्यातून ते काही जात नाही. धम्मदीप म्हणाले, दादा काळजीपोटी बोलले असतील. आमचे हे लाईनमन, दिवसभर विजेच्या खांबावर असतात. म्हणून असेल, पण जमिनीवर कुणाशी भांडण नको असतं त्यांना. मला असतं.

तर कळावं म्हणून लिहिते. पोरगी तिथे मजेत आहे. हॉस्टेलची खोली चांगली आहे, पंखा आहे, खिडकी आहे. मेसचं जेवण तिला पहिल्याच दिवशी नकोसं झालं, म्हणून मी डबा पाठवते. इथून नांदेडला शिकायला गेलेल्या बऱ्याच पोरांचे डबे एसटीनं जातात. सकाळी पहिल्या गाडीला स्टँडवर आम्ही आया रांगेनं उभ्या असतो, प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीवर पोराचं नाव. मुंजाजी म्हणून कंडक्टर आहेत, ते सगळे डबे आपल्या शिटामागं ओळीनं लावून घेतात. नांदेडच्या स्टँडवर पोरं येऊन आपापला डबा नेतात आणि आदल्या दिवशीचा रिकामा देतात. संध्याकाळी तो माझ्या हातात येतो. तो रिकामा आला की मला कळतं, पोरगी पोटभर जेवली.

संध्याकाळी रोज फोन असतो. मी दुकानातूनच लावते. तुला माहीत आहे, त्या वेळी ब्लाऊज न्यायला आलेल्या बायका बसलेल्या असतात. मी स्पीकर लावते आणि सगळ्या विचारतात, काय इंजिनिअर बाई, कसं चाललंय. ती म्हणते, मस्त. मंजुळाबाई ठरवून त्याच वेळेला येतात. त्यांच्या नातवाला, भागवतला, यंदा कुठेच प्रवेश मिळाला नाही. खरं सांगते, त्या बसल्या की मी आवाज जरा वाढवते.

वहिनीला जयभीम सांग.

तुझी,
दिपा

कळमनुरी
२६ ऑक्टोबर २०२५

दादा, जयभीम.

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण आज लिहिणं भाग आहे, कारण दिवाळी होऊन गेली. ऐश्वर्या सुट्टीला आली होती. खांद्याला एक छोटी पिशवी घेऊन आली आणि तीच पिशवी घेऊन परत गेली. पेटी नांदेडला आहे. एवढं तुझ्या लक्षात आणून द्यायचं होतं.

सुट्टीत ती बहुतेक झोपूनच होती. मी कुणाला उठवू दिलं नाही. इतकी मोठमोठी ड्रॉइंगची शीटं काढायची म्हणजे अंग मोडून येत असणार. शेजारच्या बायका बघायला आल्या तेव्हा मी दारातूनच सांगितलं, अभ्यासानं दमली आहे. असं सांगायला मिळणं म्हणजे काय असतं ते तुला कळणार नाही. आपल्या आईला मिळालं नाही.

धम्मचक्र दिनाला मात्र आली नव्हती, सबमिशन आहे म्हणाली. बाकीच्यांची पोरं शनिवार आला की पळत घरी येतात, माझी तिकडे टिकून आहे. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं.

आणि एक गोष्ट सांगते, हसू नको. आमच्या घरात या पोरीनं जेवलेलं ताट कधी मोरीपर्यंत नेलं नाही. मीच नेऊ दिलं नाही, तू पुस्तक धर म्हणायचे. पहिल्या पहिल्यांदा डबा परत यायचा तो खरकटा, वाळलेल्या वरणाचा. आता काही आठवडे झाले, डबा धुऊन येतो. नुसता विसळून नाही. घासून, पुसून, झाकणाची रबरी रिंग काढून आतूनसुद्धा स्वच्छ. मी तो दुकानात शिवणाच्या मशीनवर ठेवला आणि आलेल्या प्रत्येक बाईला दाखवला. बघा म्हटलं, हॉस्टेलनं पोरीला वळण लावलं. धम्मदीप म्हणाले, ऐश्वर्या आणि डबा घासते? विचार तरी तिला. मी म्हटलं, तुमच्या पोटात काहून दुखतं?

मुंजाजींनी सांगितलं की हल्ली डबा न्यायला दुसरीच पोरगी येते. म्हणजे बघ, मैत्रिणी पण झाल्या. आपल्या पोरीसाठी स्टँडवर कुणीतरी चालत येतं म्हणजे तिचा तिथे मान असणार.

तेव्हा आता एकदा अभिनंदन म्हणून टाक. उशीर झाला तरी चालेल, मी घेईन.

दिपा

कळमनुरी
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझा मेसेज मिळाला होता. "छान. माझं चुकलं." एवढेच शब्द. मी ते धम्मदीपना वाचून दाखवले, आणि ते जेवत होते तेव्हा पुन्हा वाचून दाखवले. तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी चुकलं म्हणालास. त्या आनंदात मी कॉलेजच्या पालक मेळाव्याला गेले. हे आधी एकदा लिहून फाडलं होतं. आता जसं झालं तसं लिहिते.

मेळावा फक्त पहिल्या वर्षाच्या आईबापांसाठी होता. मी नवीन ब्लाऊज शिवून घातलं, यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, आणि पुढच्या रांगेत बसलो. राणी मॅडम म्हणून तिथे पोरांशी बोलणाऱ्या समुपदेशक आहेत, वयानं माझ्याहून लहान. मला वाटलं मार्कांचं, हजेरीचं सांगतील. त्यांनी विचारलं, तुमच्या मुलाच्या एका मैत्रिणीचं किंवा मित्राचं नाव सांगा. कोण सांगणार आधी? मी उभी राहिले. उभं राहिल्यावर लक्षात आलं की मला नाव माहीत नाही. स्टँडवर रोज जी पोरगी माझा डबा न्यायला येते, तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, पूनम. प्रत्येक हॉस्टेलात एखादी पूनम असतेच असा हिशोब केला. धम्मदीपनी माझ्याकडे बघितलं आणि मग छताकडे बघत बसले.

मॅडम थांबल्या नाहीत. तुमचं पोर किती वाजता झोपतं, शेवटचं मोकळं कधी हसलं, मुलींच्या आयांनी सांगावं तिची पाळी वेळेवर येते का. मला राग आला. माझ्या पोटचं लेकरू, आणि ही बाई मला त्याची ओळख करून देते. मी मनात म्हटलं, आमचा डबा रोज रिकामा येतो, तुमी काय सांगून राहिल्या.

मग त्या जे बोलल्या त्यातलं बरंचसं मला अजून आठवतं. म्हणाल्या, गावात पहिली आलेली पोरं इथे येतात आणि पहिल्याच चाचणीत नापास होतात, आणि त्यांना ते घरी सांगता येत नाही, कारण घरी सगळ्यांना आनंद झालेला असतो. आधी जेवण जातं, मग झोप जाते, मग ते वर्गात जायचं सोडतात. फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारू नका. आणि पोर काही सांगायला लागलं तर लगेच उपाय सांगू नका, ओरडू नका, रडू पण नका. फक्त विचारा की तुला काय पाहिजे, मी नुसतं ऐकू, की काही करू.

मेळावा संपल्यावर आम्ही न सांगता हॉस्टेलवर गेलो. पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून हे फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसले आणि मी एकटी वर गेले. गॅलरीच्या टोकाला नळ आहे. तिथे एक पोरगी उकिडवी बसून डबा घासत होती, झाकणाची रिंग काढून. डबा माझा होता.

मी नाव विचारलं. राजनंदिनी म्हणाली, शिरड शहापूरची, शेतकऱ्याची मुलगी, ऐश्वर्याची रूममेट. तिला वाटलं मी रागावणार. हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मी मागून न्हाई खाल्लं. तिला घासच जात न्हाई. ती म्हणायची तू खा, डबा रिकामा गेला पाह्यजे, न्हाईतर मम्मीला कळंल. दुसऱ्याचं खाल्लं तर भांडं धुऊन द्यावं, म्हणून मी धुते."

दादा, मी तो डबा अख्ख्या कळमनुरीला दाखवला होता.

आत ऐश्वर्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर उन्हं होती, बाकीच्या पोरी वर्गात होत्या. मी तिच्या अंगावरची चादर बाजूला केली तर गळ्याची हाडं वर आलेली दिसली. दिवाळीत ती अंगभर ओढणी घेऊन होती आणि मी, माणसांची मापं घेऊन पोट भरणारी बाई, मला माझ्या पोरीचं माप दिसलं नाही. लॅबमध्ये एकदा चक्कर येऊन पडली होती. मॅथ्सच्या चाचणीत नापास झाली होती. आणि मला रोज सांगत होती, मस्त.

मी म्हटलं, काहून सांगितलं नाहीस? मॅडमनी ओरडू नका म्हटलं होतं तरी माझा आवाज चढलाच. ती उठून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, स्पीकरवर काय सांगू? मंजुळाआजी ऐकून राहिल्या असत्यात."

मग ती म्हणाली, "आन मामा म्हणले होते ना, पेटी घेऊन परत येईल. मी दुकानातच होते तवा. मी घरी आले असते तर तू हरली असती."

तू बोललास ते स्पीकरवर होतं, दादा. लावला होता मी. अभिनंदन सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

पुढचं तुला सांगायला नको खरं तर. पण सांगते. माझ्या ओठांवर आलं होतं की बाळा, परीक्षेपर्यंत कसंतरी काढ. तुझं "माझं चुकलं" माझ्या पर्समध्ये, फोनमध्ये, होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं. पोरगी समोर वाळून बसलेली आणि मी तुझा विचार करत होते. मग मला त्या राणी मॅडमचा प्रश्न आठवला आणि मी तसाच्या तसा विचारला, मी नुसतं ऐकू की काही करू? ती म्हणाली, "मला घरी झोपायचंय."

तर आम्ही तिला घेऊन आलो. राजनंदिनीनं सामान भरायला मदत केली. पेटी धम्मदीपनी डोक्यावर घेतली आणि दिवसाउजेडी स्टँडवरून घरापर्यंत नेली, दुकानासमोरून, सगळ्यांच्या देखत. तुझं म्हणणं खरं झालं. दिवाळीच्या आत नाही, दिवाळीनंतर, पण खरं झालं. आता तुझा मेसेज परत घे.

दिपा

कळमनुरी
३० नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र आलं. तेवीस वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. पहिली चार वाक्यं वाचून मला बरं वाटलं. नंतर तू लिहिलंस की आता तिला इथेच बी.ए.ला घाला, झेपत नाही ते कशाला, पोरीच्या तब्येतीपेक्षा डिग्री मोठी आहे का. तब्येतीपेक्षा मोठी नाही, हे मला कळलं आहे. पण तिला काय झेपतं हे मी ठरवणार नाही आणि पुण्यातून तूही ठरवू नको.

इकडचं सांगते. पहिल्यांदा इथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, रक्त फार कमी निघालं. त्याच्या गोळ्या चालू केल्या. मग राणी मॅडमनी नांदेडच्या मनाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तिथे जाताना धम्मदीप दारात थबकले, बोर्डावर काय लिहिलंय ते कुणी आपल्याला वाचताना बघू नये असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, लाईन खराब झाली तर मी खांबावर चढतोच की, आणि सगळ्यांच्या आधी आत गेले. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, फार पुढे गेलेलं नाही, वेळेत आणलंत. गोळ्या, दर आठवड्याला मॅडमशी बोलणं, वेळेवर झोप, सकाळचं ऊन, थोडं थोडं खाणं. एवढंच. पोरगी वेडी नाही आणि नाटकीही नाही. हे मी तुझ्यासाठी लिहिलं.

पहिला आठवडा तिनं झोपून काढला. मी तिच्यासाठी काय काय करून ठेवायचे आणि ती दोन घास खायची. मी ताटाकडे बघायचं सोडलं, कारण मी बघितलं की ती तिसरा घास माझ्यासाठी खाते. आता ती ज्वारीच्या कण्या आणि दही स्वतः मागते.

दुकानात पहिल्या दिवशी मंजुळाबाई आल्या. सगळ्या बायकांसमोर त्यांनी विचारलं, "इंजिनिअर घरी कशी काय?" मी कात्री खाली ठेवली. माझ्याजवळ चार उत्तरं तयार होती, सुट्टी, कावीळ, परीक्षेची तयारी, आणि तुम्हाला काय करायचंय. मी म्हटलं, "आजारी आहे. तिला खाणं जाईना, झोप येईना, मन लागंना. डॉक्टर म्हणले डिप्रेशन आहे. इलाज चालू आहे." एवढं बोलून मी पुन्हा काज शिवायला घेतलं. काज बराबर बसलं.

कुणी दृष्ट लागली म्हणालं, कुणी लग्न लावून टाका म्हणालं. बाकीच्या गेल्यावर मंजुळाबाई मागे राहिल्या आणि पदर सारखा करत म्हणाल्या, "दिपा, माझा भागवत जुलैपासून खोलीबाहेर येत न्हाई. त्या मॅडमचा नंबर दे मला." मी दिला. ज्या बाईला ऐकू जावं म्हणून मी आवाज वाढवायचे, तिच्या घरात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. तिलाही माझ्या घरातलं कळत नव्हतं. आम्ही दोघी त्या दुकानात रोज समोरासमोर बसत होतो.

काल ऐश्वर्यानं माझं कापायचं टेबल मोकळं करून मागितलं. मी विचारलं नाही कशाला. तिनं त्यावर ड्रॉइंगचं शीट पसरलं. राजनंदिनी रोज वर्गातल्या वह्यांचे फोटो पाठवते, फोनवर समजावून सांगते, मध्येच दोघी हसतात. माझ्या लक्षात आलं की मी पोरीचं हसणं पार विसरून गेले होते. तिच्या हसण्यात शेवटी एक शिट्टी येते, लहानपणापासून.

मी तिला सांगितलं आहे, परत जायचं असेल तर जा. हे वर्ष सोडून पुढच्या वर्षी जायचं असेल तर तसं कर. आणि इंजिनिअरिंगच नको असेल तर तेही चालेल. तीनपैकी काहीही केलंस तरी मामाशी भांडायला मी आहे. ती म्हणाली, "मामाशी तू तसंबी भांडशीलच." काय ठरवते ते अजून सांगितलं नाही. मी वाट बघते आहे आणि विचारत नाही. मला ते किती जड जातं हे तुला चांगलं ठाऊक आहे.

दिपा

कळमनुरी
२५ जानेवारी २०२६

दादा, जयभीम.

तू या वेळी पत्रात ऐश्वर्याची झोप कशी आहे असं विचारलंस. मार्कांचं विचारलं नाहीस. मी ते वाक्य बघत बसले थोडा वेळ.

ती डिसेंबरच्या सुरुवातीला परत गेली. स्वतः ठरवून गेली. जायच्या आधी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, की मी बाकीचे सगळे पेपर देणार, मॅथ्सचा देणार नाही, तो उन्हाळ्यात देईन. आत्ता पाच पेपर माझ्यानं होतात, सहा होत नाहीत. मी तोंड उघडणार होते, एक पेपर काय, बसून तर बघ, पण यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. माझी पोरगी दहावीला तालुक्यात पहिली होती दादा, तेव्हा मी पेढे वाटले. पण माझ्यानं एवढं होतं आणि एवढं होत नाही, हे आईबापाच्या डोळ्यात बघून सांगणारी पोरगी बघितली तेव्हा मला त्या पेढ्यांपेक्षा जास्त अभिमान वाटला. तेव्हा ती हुशार होती एवढंच मला दिसलं होतं. आता ती धीट आहे हे दिसलं.

पाचही पेपर तिनं दिले. निकाल यायचा आहे. डबा मी आता आठवड्यातून दोनदा पाठवते, त्यात दोघींचं असतं. राजनंदिनीला माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आवडते आणि ऐश्वर्याला नाही, म्हणजे इतके दिवस चटणी तरी योग्य माणसाच्या पोटात गेली. फोन मी दुकान बंद झाल्यावर करते, परसात बसून. कधी पोरगी खूप बोलते, कधी म्हणते आज नको मम्मी, आणि मी ठेवते. नंतर जरा वेळ धुसफुसते, पण ठेवते.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगते.

गेल्या रविवारी ती आली होती. दुकानात माझ्याबरोबर हुक लावत बसली होती. इकडचं तिकडचं चाललं होतं, आणि तिनं एकदम विचारलं, "मम्मी, तू काहून सोडलं होतं कॉलेज?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बाबांनी विचारलं होतं, आता काय करायचं. आईनं विचारलं, कुणा पोराचं काही आहे का. तू काहीच विचारलं नाहीस, तू फक्त खोलीवर राहिलेली माझी पेटी मागाहून आणून अंगणात ठेवलीस आणि निघून गेलास. मी काय सांगणार? मी इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आले जे सगळे सांगतात, की अभ्यासाला भिऊन पळून आले.

पण ती विचारत होती आणि दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी जसं आठवलं तसं सांगितलं. औरंगाबादला तुझ्या खोलीवर मला घास गिळता यायचा नाही. तू रोज कामावरून आलास की विचारायचास, अभ्यास झाला का, आणि मी हो म्हणायचे. तू माझ्यासाठी दोन ठिकाणी काम करत होतास, मग नाही कशी म्हणू? पहाटेपर्यंत डोळे उघडे असायचे. नळ सोडून मोरीत रडायचे, म्हणजे घरमालकिणीला ऐकू जाऊ नये. केस हातात यायचे. पुस्तकातली ओळ वाचायचे आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचे. एक दिवस कॉलेजच्या रस्त्यानं निघाले आणि माझे पाय स्टँडकडे वळले. हिंगोलीची गाडी लागलेली होती. मी बसले. कुठे जातेय याचा विचारही नव्हता डोक्यात, फक्त झोप पाहिजे होती.

ऐश्वर्यानं सुई ब्लाऊजमध्येच टोचून ठेवली. मग म्हणाली, "मम्मी, तू पळून न्हाई आलीस. तू आजारी होतीस."

मी हसले. म्हटलं, आजारी कसली, ताप नव्हता काही. ती म्हणाली, "मला तरी कुठं ताप होता?"

मी एक्केचाळीस वर्षांची बाई, माझ्याच दुकानात, तोंडावर पदर घेऊन रडले. ती उठून आली नाही, उपाय सांगितला नाही, रडू नको म्हणाली नाही. आपली जागेवर बसून राहिली. मग तिनं विचारलं, "मी नुसतं ऐकू, की काही करू?" मी म्हटलं, नुसतं ऐक. आणि मी बोलले. काय काय बोलले ते तुला लिहीत नाही, ते तिचं आणि माझं आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. म्हणजे होता, पुष्कळ होता, हे तू जाणतोस. पण तू तेव्हा स्वतःच तेवीसचा होतास, दोन नोकऱ्या करत होतास, आणि तुला कुणी मेळाव्याला बोलावून सांगितलं नव्हतं की बहिणीला काय विचारायचं. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आपण दोघंच होतो. पुढं काय असतं हे सांगायला मागं कुणी नव्हतं. ऐश्वर्याच्या मागं आता मी आहे, आणि मला वाटतं तूही असावास. मार्चमध्ये तिच्या कॉलेजचा पुन्हा पालक मेळावा आहे. आईबापच पाहिजेत असं नाही, मामा पण चालतो, मी विचारून घेतलं. तू आलास तर पुढच्या रांगेत बसू. बाई प्रश्न विचारतील, या वेळी मला सगळी नावं येतात.

हे सगळं मी तुला फोनवर सांगू शकले असते. पण मला ते एकदा कागदावर लिहिलेलं पाहिजे होतं, तुझ्या घरात, तुझ्या हातात.

तुझी, पळून न आलेली बहीण,
दिपा